इंग्रजी नाट्यसंवादांतील अडणारे बोल

'त्यानें ध चा मा केला' हें वाक्य एखाद्या इंग्रज गृहस्थापुढें ठेवलें तर काय होईल? त्याचें मराठी चांगलें असलें, कोश हाताशीं असला, तरी तो त्या दोन अक्षरांपाशींच अडून राहील. कारण वाक्याचा अर्थ त्या अक्षरांत नाहींच. तो ३० ऑगस्ट १७७३ या दिवशीं शनिवारवाड्यांत झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनांत आहे. 'धरावें' याचें 'मारावें' झालें ही आख्यायिका ज्याला ठाऊक नाहीं, त्याला शब्द मिळाले तरी बोल मिळत नाहीं. 'पानिपत झालें' या उद्गाराचीहि तीच गोष्ट. मराठी माणूस तो परीक्षेंत नापास झालेल्या मुलाविषयींहि सहज काढतो. परंतु १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्यांतून वजा केला, तर पानिपत हें दिल्लीच्या उत्तरेकडील एक गांव तेवढें उरतें.

आज मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिका मोठ्या आवडीनें पाहिल्या जातात, आणि तेथें ही अडचण उलट दिशेनें येते. पाहणारी मंडळी इंग्रजी शिकलेली असतात. शब्द न् शब्द कानीं पडतो, शिवाय पडद्याच्या तळाशीं तीं वाक्यें छापूनहि येतात. तरीहि नेमक्या मोक्याच्या ठिकाणीं एखादें पात्र चार साधे शब्द उच्चारतें, समोरच्या पात्राचा चेहरा उतरतो, आणि घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. अशा वेळीं आपलें इंग्रजी कच्चें, अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. जें माहीत नसतें तें बहुधा इंग्लंडच्या इतिहासांतील एखादें प्रकरण असतें. आणि तें समजलें कीं प्रसंग आपोआप उलगडतो.

न्यायालयाचा एक प्रसंग उदाहरणादाखल पाहण्याजोगा आहे. एका अल्पवयी मुलावर खुनाचा आरोप शाबीत झालेला असतो. न्यायाधीश गंभीर स्वरांत सांगतात कीं, या मुलाला 'ॲट हर मॅजेस्टीज् प्लेझर' अटकेंत ठेवावें. प्लेझर म्हणजे आनंद, सुख, मौज, हें शाळेंतील लहान मुलालाहि पाठ असतें. मग राणीच्या आनंदासाठीं मुलाला कोंडून ठेवणारें हें कसलें राज्य, असें घरांतील एखाद्या आजीबाईंनीं विचारलें तर त्यांना हंसूं नये. प्रश्न रास्त आहे. येथें 'प्लेझर'चा अर्थ आनंद नव्हे, मर्जी. आपल्या जुन्या दफ्तरांतला 'मर्जी' हाच त्याचा खरा जुळा शब्द. मुलानें किती वर्षें आंत राहावयाचें, हें त्या वाक्यांत सांगितलेलेंच नसतें. राजसत्तेची मर्जी होईल तोंपर्यंत. अलीकडे न्यायाधीश किमान मुदत ठरवून देतात खरी, पण तिच्यापुढें सुटका केव्हां, हें अनिश्चितच राहतें. तें वाक्य ऐकतांच मागच्या बांकावर बसलेली मुलाची आई कां कोसळते, तें एवढें कळल्यावांचून कळत नाहीं.

या मर्जीला कायद्याच्या पुस्तकांत ठळक स्थान मिळालें तें, योगायोगाची गोष्ट अशी कीं, एका नाटकगृहांतील प्रकारामुळें. १५ मे १८०० रोजीं तिसरा जॉर्ज राजा लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहांत आपल्या राखीव जागेंत येऊन उभा राहिला, तोंच खालून एकानें त्याच्यावर पिस्तूल झाडलें. नेम चुकला. मारेकऱ्याचें नांव जेम्स हॅडफील्ड. तो फ्रेंचांशीं झालेल्या युद्धांत लढलेला शिपाई होता. १७९४ सालीं डोक्यावर तलवारीचे खोल घाव बसल्यापासून त्याचें चित्त ठिकाणावर नव्हतें. आपण सरकारच्या हातून मेलों म्हणजे ख्रिस्ताचें पुनरागमन होईल, असा त्याचा ग्रह झाला होता, आणि राजावर गोळी झाडणें हा मरणाचा खात्रीचा मार्ग होता. थॉमस अर्स्किन या नामांकित वकिलानें त्याची बाजू इतक्या प्रभावीपणें मांडली कीं, मुख्य न्यायाधीश लॉर्ड केन्यन यांनीं खटला मध्येंच थांबविला आणि ज्यूरीनें त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरविलें.

परंतु निर्दोष ठरलेल्या माणसाचें करावयाचें काय? सोडून द्यावा तर उद्यां तो पुन्हां कोणावर पिस्तूल रोखील. डांबून ठेवावा तर अपराध शाबीत नाहीं. पार्लमेंटनें त्याच वर्षीं घाईनें कायदा केला कीं, अशा माणसाला राजाची मर्जी कळेपर्यंत बंदोबस्तांत ठेवावें, आणि तो कायदा मागील तारखेपासून हॅडफील्डलाहि लागू केला. हॅडफील्ड १८४१ सालीं बेथलेम येथील वेड्यांच्या रुग्णालयांत वारला. निर्दोष सुटलेला मनुष्य चाळीस वर्षें बंदीवासांत राहिला! पुढें १९०८ च्या कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलांना फांशी देणें बंद झालें, १९३३ सालीं ती वयोमर्यादा अठरा झाली, आणि फांशीच्या जागीं हीच 'मर्जी' आली. म्हणून तें वाक्य आजच्या नाटकांतून बहुधा अल्पवयी आरोपीविषयीं ऐकूं येतें. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं एलिझाबेथ राणी निवर्तल्यापासून त्यांतील 'हर'चें 'हिज' झालें आहे. एवढ्यावरूनहि नाटक केव्हांचें, याचा अंदाज बांधतां येतो. आणि ही मर्जी आपल्याला अगदींच परकी आहे असेंहि नाहीं. भारतीय राज्यघटनेच्या १५६ व्या अनुच्छेदांतील राज्यपाल आणि ३१० व्या अनुच्छेदांतील केंद्र सरकारचे सेवक राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर असतात. तेथेंहि मूळ इंग्रजी शब्द 'प्लेझर' हाच आहे.

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर 'पॉरिज' या शब्दाबद्दल दोन ओळी. १९७४ ते १९७७ या काळांत बी.बी.सी.नें या नांवाची विनोदी मालिका दाखविली. पॉरिज म्हणजे जवासारख्या ओट नांवाच्या धान्याची पेज; ती तुरुंगांतील न्याहारी. म्हणून 'पॉरिज करणें' म्हणजे शिक्षा भोगणें. आपल्याकडे तुरुंगाची हवा खातात, तिकडे पेज खातात, इतकाच फरक.

'रंपोल ऑफ द बेली' ही १९७८ पासून १९९२ पर्यंत चाललेली मालिका वकिलीच्या धंद्यांतील बोलांनीं भरलेली आहे. तींतील रंपोल हा म्हातारा, ढेरपोट्या बॅरिस्टर. वकिली करून केंस पिकलेले, तरी लोक त्याला 'ज्युनियर' म्हणतात. प्रेक्षकाला वाटतें, ही थट्टा असावी. थट्टा नाहीं. इंग्लंडांत ज्याला 'क्वीन्स काउन्सेल', म्हणजे आतांचा 'किंग्ज काउन्सेल', हा मान मिळतो तो रेशमी झगा घालतो. त्यालाच 'टेकिंग सिल्क' म्हणतात. ज्याला तें रेशीम लाभलें नाहीं तो सत्तर वर्षांचा झाला तरी ज्युनियरच! रंपोलला तें कधींच मिळत नाहीं, आणि त्याच्या साऱ्या चेष्टेखालीं ही सल आहे. त्याचा जनक जॉन मॉर्टिमर हा स्वतः बॅरिस्टर होता, आणि त्याला मात्र १९६६ सालीं रेशीम मिळालें होतें. याच मालिकेंत रंपोल आपल्या पत्नीचा उल्लेख 'जिची आज्ञा पाळलीच पाहिजे ती' अशा अर्थाच्या एका लांबलचक नांवानें करतो. तें रायडर हॅगर्डच्या १८८७ सालच्या 'शी' या कादंबरींतील आफ्रिकेंतल्या राणीचें नांव आहे, हें कळलें म्हणजे स्वयंपाकघरांतील त्या साध्या बाईचें चित्र एकदम सिंहासनावर जाऊन बसतें. वकिलांच्या बोलण्यांत 'जेवणें पुरीं करणें' असाहि एक प्रयोग येतो. बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्यानें आपल्या 'इन'मध्यें, म्हणजे वकिलांच्या संस्थेंत, ठराविक संख्येनें भोजनें घेतलींच पाहिजेत असा तेथील दंडक होता. मराठी घरांत हा प्रकार अनोळखी नसावा. १९२२ सालीं ग्रेज् इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाहि त्या पंक्तींतून जावें लागलें होतें.

घरगुती नाटकांत आई दंगेखोर मुलांना 'रायट ॲक्ट वाचून दाखवीन' असा दम देते. कोणता कायदा, आणि तो मुलांना वाचून काय उपयोग? हा कायदा एके काळीं खरोखरच मोठ्यानें वाचीत असत. पहिला जॉर्ज गादीवर आल्यानंतर ठिकठिकाणीं दंगे होऊं लागले, तेव्हां पार्लमेंटनें तो केला, आणि १ ऑगस्ट १७१५ पासून तो अमलांत आला. बारा किंवा अधिक माणसें दंगा करण्यासाठीं जमलीं तर दंडाधिकाऱ्यानें तेथें जाऊन राजाच्या नांवें ठरलेला मजकूर वाचावयाचा. त्यानंतर एका तासाच्या आंत जो पांगणार नाहीं तो देहान्त शिक्षेस पात्र. मजकूर अक्षरशः वाचावा लागे. शेवटचें 'देव राजाचें रक्षण करो' हें वाक्य वाचावयाचें राहून गेलें म्हणून आरोपी सुटल्याचेंहि उदाहरण आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानांत हजारों लोक मताधिकारासाठीं जमले असतां, कायदा वाचला असें अधिकारी म्हणाले. तो बहुतेकांच्या कानींच गेला नाहीं, आणि घोडेस्वार गर्दींत घुसले. त्या दिवसाला पुढें 'पीटर्लू' असें नांव पडलें. ३१ जानेवारी १९१९ रोजीं ग्लासगो येथें कामगारांच्या सभेपुढें शेरीफ हा मजकूर वाचीत असतां लोकांनीं कागदच त्याच्या हातांतून हिसकावून घेतला. १९७३ सालीं हा कायदा पुस्तकांतून पूर्णपणें नाहींसा झाला. आईच्या तोंडीं मात्र तो राहिला. ती मुलांना केवळ रागावत नसते. ही शेवटची ताकीद आहे, यापुढें कृति होईल, असें बजावीत असते. आपल्याकडील जमावबंदीचा हुकूम हा या वंशांतलाच एक नातलग म्हणावयास हरकत नाहीं. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं निघे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं निघतो. पण लोकांच्या तोंडीं '१४४ लागलें' हेंच आहे. पुढेंमागें एखादी मराठी आईहि मुलांना '१४४ लावीन' असें म्हणूं लागली तर नवल वाटावयास नको.

राजकीय नाटकांत तर पावलोपावलीं ठेंच लागते. 'येस मिनिस्टर', 'हाऊस ऑफ कार्ड्स' यांसारख्या मालिका पाहतांना 'व्हिप' हा शब्द मराठी प्रेक्षकाला सहज पटतो, कारण तो आपल्या विधानसभेच्या बातम्यांतूनहि रोजचा झाला आहे. कोल्ह्याच्या शिकारींत इतस्ततः पळणाऱ्या कुत्र्यांना चाबकानें कळपांत आणणारा जो माणूस, त्याला 'व्हिपर-इन' म्हणत. त्यावरून हा शब्द निघाला, हें समजलें तर आमदार मंडळींना तो किती रुचेल याची शंका आहे. पण एखादा खासदार लफड्यांत सांपडतो आणि त्याचा मित्र त्याला हलकेंच 'चिल्टर्न हंड्रेड्स घे' असें सुचवितो, तेव्हां मात्र वाट खुंटते. हंड्रेड म्हणजे शंभर, हें डोक्यांतून जात नाहीं; कोणी तरी शंभराची कसली तरी रक्कम घेत आहे, लांचेचाच व्यवहार चालला आहे, अशी समजूत होते. वास्तविक तेथें चाललेली असते राजीनाम्याची गोष्ट.

२ मार्च १६२४ रोजीं इंग्लंडच्या लोकसभेनें ठरविलें कीं, रीतसर निवडून आलेल्या सभासदाला आपली जागा सोडतां येणार नाहीं. त्या काळीं सभासदत्व हा मान कमी आणि ओझें अधिक असे. खर्च घरचा, प्रवास दूरचा, म्हणून ओझें टाकून पळणाऱ्यांना ही आडकाठी होती. तो नियम अजून कायम आहे. इंग्लंडांतील खासदाराला राजीनामा देतां येत नाहीं! मग वाट काढली ती अशी. राजाकडून पगारी पद स्वीकारणाऱ्याला लोकसभेंत बसतां येत नाहीं, असा दुसरा एक नियम अठराव्या शतकाच्या आरंभीं झाला होता. राजा आपल्या पगारी माणसांनीं सभा भरून टाकील ही त्यामागील भीति. तेव्हां ज्याला बाहेर पडावयाचें असेल त्यानें एखादें नाममात्र राजपद मागून घ्यावयाचें, म्हणजे जागा आपोआप रिकामी होते. बकिंगहॅमशायरमधील चिल्टर्न टेंकड्यांच्या भागांत स्टोक, डेस्बरो व बर्नहॅम हे तीन 'हंड्रेड', म्हणजे आपल्याकडील परगण्यांसारखे विभाग, होते. त्यांच्या कारभाऱ्याचें पद या कामीं प्रथम १७५१ सालीं जॉन पिट यानें वापरलें. दोघांना एकाच वेळीं सोडावयाचें झालें तर पंचाईत नको म्हणून यॉर्कशायरमधील नॉर्थस्टेड जहागिरीच्या कारभाऱ्याचें दुसरें पदहि १८४४ पासून या कामीं येऊं लागलें. पदावर काम कांहीं नाहीं, पगारहि नाहीं. माजी मुख्य प्रधान डेव्हिड कॅमेरन २०१६ सालीं नॉर्थस्टेडचे, तर बोरिस जॉन्सन २०२३ सालीं चिल्टर्नचे कारभारी होऊन लोकसभेबाहेर पडले.

या जुन्या युक्तीचा एक नाट्यमय पेंच २०११ च्या जानेवारींत पडला. वेस्ट बेलफास्टचे खासदार जेरी ॲडम्स यांना आयर्लंडच्या संसदेच्या निवडणुकीस उभें राहावयाचें होतें. आयर्लंडवरील ब्रिटिश राजसत्ता मुळींच न मानणारा हा माणूस. राजाकडून पद तो कसा मागेल? त्यांनीं सभापतींना सरळ राजीनाम्याचें पत्र लिहिलें. सरकारनें मात्र तें पत्र म्हणजेच अर्ज असें मानून त्यांची नॉर्थस्टेडच्या कारभारीपदावर नेमणूक करून टाकली, आणि मुख्य प्रधानांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, ॲडम्स यांनीं राजसत्तेचें पद स्वीकारलें आहे. ॲडम्स म्हणाले, असलें कांहीं मागितलेंहि नाहीं आणि स्वीकारलेंहि नाहीं. आपल्याकडे संसद-सभासद अध्यक्षांना किंवा सभापतींना सहीचें पत्र देऊन मोकळा होतो. तशी सोय घटनेच्या १०१ व्या अनुच्छेदांतच आहे. म्हणून 'चिल्टर्न हंड्रेड्स' ऐकतांना मराठी प्रेक्षकाला राजीनाम्याची आठवणच होत नाहीं. सूचना ऐकून खासदाराचा चेहरा कां पडतो, तर त्याच्या मित्रानें त्याला अत्यंत सभ्य शब्दांत घरीं जावयास सांगितलेलें असतें.

कारखान्यांतील संपाच्या किंवा वसतिगृहांतील मुलांच्या नाटकांत एखाद्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवितात'. तो कोठेंच जात नाहीं. तेथेंच असतो, पण त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं. आपल्या भाषेंत, वाळींत टाकतात. इंग्लंडमधील यादवी युद्धांत, १६४२ च्या सुमारास, बर्मिंगहॅमच्या लोकांनीं राजपक्षाचीं कांहीं माणसें पकडून कॉव्हेंट्रीच्या कैदेंत पाठविलीं असा उल्लेख क्लॅरेंडनच्या इतिहासांत आहे, आणि हा बोल तेथूनच निघाला असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु बोल म्हणून तो लिखाणांत सांपडतो तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. मधल्या शंभरांहून अधिक वर्षांचा दुवा सांपडत नाहीं. म्हणून ही उपपत्ति शक्य कोटींतली, सिद्ध कोटींतली नव्हे.

याच अर्थकुळांतला दुसरा शब्द मात्र दिवस-तारखेसह सांगतां येतो. आयर्लंडमधील मेयो परगण्यांत लफ मास्क सरोवराच्या कांठीं कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मुखत्यार होता. १८८० सालीं कुळांनीं खंडांत सूट मागितली, ती नाकारण्यांत आली. १९ सप्टेंबरला पार्नेल यांनीं एनिस येथील सभेंत सांगितलें होतें कीं, असल्या माणसाला महारोग्यासारखें एकटें पाडा. त्याप्रमाणें गडी शेतावर येईनासे झाले, दुकानदार माल देईनात, लोहार नाल मारीना, धोबीण कपडे घेईना. अखेर उत्तरेकडून पन्नास मजूर आणून, त्यांच्या रक्षणास जवळजवळ हजार शिपाई ठेवून बटाटे काढावे लागले. त्या बटाट्यांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. डिसेंबरांत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला, पण त्याचें आडनांव तोंपर्यंत वर्तमानपत्रांत क्रियापद होऊन बसलें होतें. पंचवीस वर्षांनीं, ७ ऑगस्ट १९०५ रोजीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेंत परदेशी मालावर तेंच हत्यार उपसण्याचा ठराव झाला, आणि लोकमान्य टिळकांनीं स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला तें घेतलें. एका आयरिश खेड्यांतील तंट्याचा शब्द पुण्याच्या सभांतून गाजला. मात्र हें शस्त्र कोणाच्या हातीं आहे, त्यावर सारें अवलंबून. सबळांविरुद्ध तें उगारणारा समाजच आपल्यांतील दुबळ्या कुटुंबाचें पाणी आणि बोलणें तोडतो, तेव्हां त्याचें नांव वाळींत टाकणें. आणि तें थांबविण्यासाठीं महाराष्ट्राला २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. वसतिगृहांतल्या त्या इंग्रज मुलाशीं कोणी बोलत नाहीं, हें पाहून मराठी प्रेक्षकाच्या पोटांत कालवतें तें यामुळेंच.

मात्र असे इतिहास शोधतांना एक पथ्य पाळलें पाहिजे. गोड गोष्ट ही नेहमींच खरी गोष्ट नसते. 'बॉब्ज् युअर अंकल', म्हणजे झालें, काम फत्ते, हा बोल ब्रिटिश नाटकांत वारंवार येतो. १८८७ सालीं मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनीं आपला भाचा आर्थर बाल्फर यास आयर्लंडच्या कारभाराचें मोठें पद दिलें. सॉल्सबरींचें पाळण्यांतलें नांव रॉबर्ट, म्हणजे बॉब. तेव्हां मामा बॉब असला कीं काम झालें. किती चपखल! नेमणूक खरी, नातेंहि खरें. पण हा बोल लिखाणांत आढळतो तो १९२० नंतरच्या दशकांत. ज्या प्रकरणावर सारें लंडन हंसलें असेल, त्यावरील कोटी तीस-चाळीस वर्षें कोणी लिहूं नये, हें पटण्याजोगें नाहीं. 'रूल ऑफ थंब' म्हणजे ठोकताळा. याविषयींहि अशीच कथा आहे कीं, आंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनें पत्नीला मारण्याची नवऱ्याला कायद्यानें मुभा होती. फ्रान्सिस बुलर नांवाच्या न्यायाधीशानें असें म्हटल्याची वदंता १७८२ सालीं उठली आणि गिलरे या चित्रकारानें त्याचें व्यंगचित्रहि काढलें. परंतु त्याचा तसा निकाल कोठेंहि नाहीं, आणि हा बोल तर त्याआधीं शंभर वर्षें, हातानें अंदाज घेण्याच्या अर्थानें, प्रचारांत होता. व्यंगचित्र खरें, व्युत्पत्ति खोटी. आपल्या 'ध चा मा'लाहि याच कसोटीला लावावयास हवें. नारायणरावांचा खून हा इतिहास, अक्षर बदलल्याची गोष्ट ही परंपरेनें चालत आलेली आख्यायिका.

उलट, नाटककारच काळ विसरतो असेंहि होतें. 'डाउन्टन ॲबी' ही २०१० ते २०१५ या वर्षांतली मालिका टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीनें, म्हणजे १९१२ सालीं, सुरू होते. कपडे, भांडीं, मेजाची मांडणी यांत तिनें कमालीची काळजी घेतली आहे. पण तींतील सभ्य गृहस्थाच्या तोंडीं 'लर्निंग कर्व्ह' सारखे, त्या काळच्या सामान्य बोलण्यांत रूढ नसलेले शब्द आहेत, हें भाषाभ्यासकांनीं दाखवून दिलें. काट्याचमच्यांची चूक सहज दिसते, शब्दाची चूक कानावरून निघून जाते.

ही चूक पकडतां येते ती एका कोशामुळें. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनें १८५७ सालीं त्याची कल्पना मांडली, १८७९ पासून जेम्स मरे यांनीं संपादन हातीं घेतलें, आणि १८८४ सालीं ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग निघाला. प्रत्येक शब्द प्रथम कोणीं, कोणत्या सालीं, कोणत्या वाक्यांत वापरला, हें त्यांत दाखवावयाचें होतें. त्यासाठीं शेंकडों वाचक जुनीं पुस्तकें चाळून चिठ्ठ्या पाठवीत. त्या वाचकांत विल्यम चेस्टर मायनर हा अमेरिकन लष्करांतील शस्त्रवैद्य होता. त्याचा जन्म १८३४ सालीं सिंहलद्वीपांत एका मिशनरी कुटुंबांत झाला. १८७२ च्या फेब्रुवारींत लंडनच्या लॅम्बेथ भागांत, कोणी तरी आपल्या खोलींत शिरतो अशा भ्रमांत, त्यानें जॉर्ज मेरेट नांवाच्या एका निरपराध कामगाराला गोळी घालून ठार केलें. मेरेटच्या मागें गरोदर पत्नी आणि मुलेंबाळें राहिलीं. न्यायालयानें मायनरला वेडाच्या कारणानें निर्दोष ठरविलें, आणि राणीची मर्जी कळेपर्यंत ब्रॉडमूरच्या रुग्णालयांत पाठविलें. हॅडफील्डसाठीं केलेला कायदाच त्याला लागला.

लष्करी पेन्शनमधून तो पुस्तकें विकत घेई. कांहीं काळ मेरेटची विधवा त्याला भेटावयास येत असे, आणि येतांना पुस्तकें आणीत असे. कोठडींत बसून मायनरनें वर्षानुवर्षें हजारों चिठ्ठ्या लिहिल्या. मरे त्याला भेटावयास १८९१ च्या जानेवारींत गेले. हा गृहस्थ तेथील वैद्य आहे असें मरे समजत होते आणि दारांत पोंचल्यावर खरें कळलें, ही त्या भेटीविषयींची प्रसिद्ध कथा मात्र खरी नाहीं. मायनर तेथें कोण म्हणून आहे, हें त्यांना आधींच कळलें होतें. 'पी' अक्षराचें संपादन मरे यांनीं स्वतः केलें, आणि तें अक्षर १९०९ पर्यंत छापून झालें; म्हणजे 'प्लेझर' या शब्दाची नोंद तयार होत होती तेव्हां मायनर ब्रॉडमूरमध्येंच होता. १९१० सालीं गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं त्याला अमेरिकेस परत पाठविण्याच्या हुकुमावर सही केली. मर्जी व्हावयास अडतीस वर्षें लागलीं. मरे १९१५ सालीं वारले, मायनर १९२० सालीं. कोश पुरा झाला १९२८ सालीं.